न्हाणीच्या भिंती

अमळनेरच्या आमच्या जुन्या घरातली न्हाणी गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः फोडली आणि स्वतःच पुन्हा उभी केली. 'स्वतः' या शब्दात थोडी बढाई आहे. माझ्याबरोबर पंचाहत्तरीच्या पुढचे एक गवंडी होते. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना बाजेवर बसून सांगत आणि मी छिन्नी चालवीत असे. निमित्त घडले ते आईचे. गुळगुळीत फरशीवर तिचा पाय घसरला आणि मनगट मोडले. त्याच सुमारास न्हाणीची स्वयंपाकघराकडची भिंत पोट काढू लागली होती. दोन ठेकेदार येऊन पाहून गेले. दोघांचेही मत एकच पडले : मातीची भिंत आहे, पाडून टाका, तिथे विटांची बांधू. त्या भिंतीवर माडीच्या तुळया टेकलेल्या आहेत. भिंत पाडायची म्हणजे अर्धे घर पाडायचे. म्हणून प्रश्न न्हाणीचा न राहता घराचा झाला आणि मी त्या भिंतीकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

घराचा इतिहास लिहिणारे सहसा दिवाणखान्यापासून सुरुवात करतात. माडी, देवघर, दप्तराची पेटी या जागांना इतिहासात मान आहे. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरे शोधत हिंडले. त्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी आमच्या शेजारच्या धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तिथे उभे आहे. कागद शोधणाऱ्याने न्हाणीत डोकावण्याचे काही कारण नव्हते हे खरे. कागदाला जे मारते तेच तिथे नांदते. पण कागद नसला तरी न्हाणीला थर असतात, आणि ते उलट्या क्रमाने वाचता येतात. आधी सर्वांत नवे हाती लागते.

आमच्या न्हाणीत सर्वांत वर होत्या छातीपर्यंत लावलेल्या चकचकीत टाइल्स. त्या १९९० नंतरच्या. गुजरातेतील मोरबीचा माल खानदेशातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत स्वस्तात पोचू लागला तो हा काळ. टाइल्सखाली दीड इंच सिमेंटचा गिलावा होता, आजोबांनी १९७४ साली करून घेतलेला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळत असे. लग्नकार्यासाठी साखर आणि न्हाणीसाठी सिमेंट, दोन्हींसाठी अर्ज करावे लागत. आजच्या विद्यार्थ्यांना हे खरे वाटणार नाही, म्हणून एक आठवण देतो. जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले ते सिमेंटचे वाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावर मुंबई उच्च न्यायालयाने ठपका ठेवल्यानंतर. त्याच वर्षी सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. म्हणजे आमच्या भिंतीवरचा तो करडा थर एका काळाच्या प्रतिष्ठेचा थर होता. ज्याच्या न्हाणीला सिमेंट, त्याचे बरे चालले आहे असे समजत.

सिमेंटखाली चुन्याचा पातळ हात होता, जागोजागी सुटलेला. आणि चुन्याखाली माती. दोन हात रुंदीची, पांढुरकी, कोरडी असती तर हातोड्यालाही दाद न देणारी; पण जमिनीपासून कमरेपर्यंत ती ओल्या पिठासारखी झाली होती. बोट घातले की आत जात होते.

ही पांढरी माती म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्पिढ्यांची राख, शेण, चुना, पडलेल्या घरांचा चुरा मिसळून वस्तीची माती फिकट होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून भिंतीला चालत नाही. पांढरी तशी करत नाही. खानदेशात घरे बांधायला ओस पडलेल्या वस्त्यांच्या टेकाडांवरून ही माती आणत. त्यातली काही टेकाडे फार जुनी आहेत. १९५० च्या दशकात बा. के. थापर यांनी तापीकाठी प्रकाशे येथे आणि म. न. देशपांडे यांनी गिरणाकाठी बहाळ येथे उत्खनन केले, तेव्हा त्या टेकाडांच्या पोटात ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती सापडली. आमच्या भिंतीतून मलाही तीन खापरे मिळाली. ती किती जुनी हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण घराची भिंत आधीच्या घरांच्या मातीची असते एवढे त्यांवरून हाताला कळते.

या मातीवर धाबे. तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर मातीचे थर आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा हात. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती टाकायची. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जाणाऱ्या मुलखात अशा घरासारखे सुख नाही. ('नियम धाब्यावर बसवणे' या वाक्प्रचारात मला तरी हेच धाबे दिसते : खाली माणसे राहतात आणि नियम वर उन्हात बसलेला असतो.) पाऊसही इकडे बेताचा. त्यामुळे वरून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त थोड्या ढाळाने आणि चार पन्हाळींनी भागत असे. मातीच्या घराला खरी भीती असते ती खालून आणि आतून येणाऱ्या पाण्याची, रोज त्याच जागी सांडणाऱ्या पाण्याची.

म्हणूनच मातीच्या घरात न्हाणी आत नसे. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला पन्नाशी उलटावी लागली. आंघोळीची जागा अंगणात किंवा परसात, एका दगडावर, विहिरीजवळ नाहीतर नदीवर. तिला आपण सोवळ्याओवळ्याचे, चालीरीतीचे कारण देतो. ते असेलही, पण त्याच्या मुळाशी भिंतीचा स्वभाव आहे. पाणी घरात आणायचे तर पाणी सोसणारी भिंत हवी, आणि ती ज्यांना परवडत होती त्यांच्याच घरात पाणी आत आले.

परवडणारे कोण होते हे पाहायला फार लांब जायला नको. आज मध्य प्रदेशात असलेले बऱ्हाणपूर ही जुन्या खानदेशाची राजधानी, आधी फारुकी सुलतानांची आणि १६०१ नंतर मुघल सुभ्याची. तिथल्या शाही किल्ल्यात तापीच्या काठावर हमामखाना आहे. विटा आणि चुना यांचे काम, वर चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेली वेलबुट्टी. ज्या शहरात १६३१ मध्ये मुमताज महल मरण पावली ते हेच. या शहराला पाणी पुरवणारा भूमिगत कुंड्यांचा मार्ग १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीत खोदला गेला. हिंदीच्या विद्यार्थ्यांना तो दोह्यांचा कवी रहीम म्हणून माहीत असतो. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी चढउताराचा हिशोब करून शहरात आणणारा प्रशासक म्हणून त्याची ओळख सहसा करून दिली जात नाही. एकाच सुभ्यात एकीकडे नितळ पाण्याचा रंगीत हमाम आणि दुसरीकडे अंगणातला दगड. या दोहोंमधले अंतर संपत्तीचे होते हे उघड आहे. पण ती संपत्ती चुन्यातून व्यक्त होत होती. चुनखडे भट्टीत भाजायचे, विझवायचे, बैलाच्या घाणीत विटांच्या भुकटीसह मळायचे, त्यात गूळ-बेलफळाचे पाणी घालायचे. हे सगळे खर्चाचे आणि सावकाशीचे काम. 'चुनेगच्ची' हा शब्द आपल्याकडे श्रीमंतीचे विशेषण झाला तो उगाच नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर 'गिलावा' पाहा. फारसीत 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी. गिलावा म्हणजे मुळात चिखल. आज आपण सिमेंटच्या थरालाही गिलावाच म्हणतो आणि त्या शब्दातली माती विसरतो. 'न्हाणी' मात्र आपली, संस्कृत 'स्नान' आणि प्राकृत 'ण्हाण' यांच्या वाटेने आलेली. नळकाम करणारे भारतभर जमिनीतल्या जाळीखालच्या वाडग्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, मग ते बिहारचे असोत की तमिळनाडूचे. मराठी-गुजराती न्हाणीघराने देशाला दिलेला हा शब्द आपल्या भाषाभिमान्यांच्या यादीत मी कधी पाहिला नाही.

मराठीत मात्र या शब्दाचे कुळ बाईच्या देहाशी बांधलेले आहे. मुलीला 'न्हाण येते', ती 'न्हातीधुती' होते, बाळंतिणीचे न्हाणे असते. भाषेने बाईचे वय न्हाण्यावर मोजले, पण तिला न्हायला चार भिंती दिल्या नाहीत. हे मी पुस्तकातून लिहीत नाही. आई १९६८ साली या घरात लग्न होऊन आली तेव्हा न्हाणी म्हणजे परसाच्या कोपऱ्यात एक शहाबादी फरशी, दोन बाजूंनी घराच्या भिंती, तिसरीकडे तुरीच्या काड्यांचा कूड आणि चौथीकडे गोणपाट. पुरुष फरशीवर उघड्यावर आंघोळ करीत, आणि त्यांना ते सुखाचे होते. बायका पहाटे चारला उठून, पुरुषांच्या आधी, लुगडे अंगावर ठेवूनच दोन तांबे पाणी घेत. ओले लुगडे अंगावरच पिळायचे. आईला त्यात विशेष काही वाटत नाही. ती सांगते तेही सुईदोरा करता करता. १९७४ साली आजोबांनी परमिटचे सिमेंट आणले, कूड काढून तिसरी भिंत घातली, चौथीकडे दार बसवले. आईच्या लेखी तो या घरातला सर्वांत मोठा दिवस. सिमेंटबद्दल मी पुढे जे म्हणणार आहे ते याच्या उजेडात वाचावे.

नानांनी त्यात आणखी एक भर घातली. उभ्या आयुष्यात त्यांनी गावात किती न्हाण्या बांधल्या याचा त्यांना हिशोब नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात न्हाणी झाली १९९६ साली. मोरीचे तोंड ज्या मागच्या बोळात उघडायचे ती बोळ साफ करणाऱ्यांकडे त्यानंतरही कित्येक वर्षे नव्हती. भिंत कोणाला केव्हा मिळाली, याची खानदेशातल्या एकेका गल्लीची नोंद कोणी केली तर तो आपल्या सामाजिक इतिहासाचा चांगला ग्रंथ होईल.

तर आता ओल्या पिठासारखी झालेली ती माती. नानांचे निदान एका वाक्याचे होते : "माटीले बी वारा लागस, सर." मातीची भिंत पाणी पिते आणि सोडते. चुन्याचा हात तिला सोडू देतो, सिमेंटचा देत नाही आणि टाइल तर मुळीच नाही. जमिनीतून चढलेली आणि सांध्यांतून झिरपलेली ओल आतच कोंडते, वर वर सरकते आणि बरोबर क्षार नेते. हा 'लोणा'. शब्दातच लवण आहे. पन्नास वर्षे न्हाणीने आईला आडोसा दिला आणि त्याच पन्नास वर्षांत तिच्या भिंतीने आतल्या आत घर सोडायला घेतले.

हे ऐकताना मला अजिंठा आठवला. तुलना मोठी आहे याची जाणीव आहे, पण ती लेणी आमच्यापासून फार दूर नाहीत. जगभरचे कित्येक लोक त्यांच्यासाठी जळगावला उतरतात. अजिंठ्याची चित्रे दगडावर नाहीत, मातीच्या गिलाव्यावर आहेत. कारागिरांनी खडक मुद्दाम खडबडीत सोडला, कारण गुळगुळीत पृष्ठावर चिखल धरत नाही. त्यावर गाळाची माती, वाळू, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांचा थर, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. चित्रकलेच्या तासाला आपण रंगांबद्दल बोलतो. भिंत तयार करणाऱ्याचा हात त्या आधीचा, आणि तो चुकला असता तर बोलायला काही उरले नसते. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना आणून सुटलेला गिलावा बसवून घेतला. ते काम मोलाचे होते. पण त्यांनी चित्रांवर चपड्याचे रोगण दिले. ते पुढे पिवळे-काळे पडले, धूळ-काजळी धरून बसले, आणि पुरातत्त्व खात्याची रसायनशाखा पुढची कित्येक दशके ते उतरवण्यात गुंतली. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात गांजाच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत आणि त्यामुळे किड्यांनी त्याला फारसा त्रास दिला नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले आहे; अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत आणि तिथे किड्यांनी बरेच नुकसान केले. भिंतीच्या पोटात काय घातले यावर किती गोष्टी ठरतात!

काम असे झाले. टाइल्स आणि सिमेंट हातछिन्नीने, वरून खाली, एका दिवसात दोन-तीन हातांपेक्षा जास्त नाही. यंत्राच्या हादऱ्याने मातीची भिंत बसते, म्हणून यंत्राला बंदी. टाइल्सवर आधी छिन्नीचा दांडा वाजवून पाहायचा. पोकळ वाजेल तिथून सुरुवात. भिंत उघडी झाल्यावर पाच आठवडे तिला हात लावायचा नाही. एप्रिल-मे चा खानदेशी वारा फुकट मिळतो, तो लागू द्यायचा. लोणा फुलून वर आला की कोरड्या झाडणीने झाडायचा. मी पहिल्या दिवशी तो पाण्याने धुतला आणि नानांनी कपाळाला हात लावला. धुतलेले मीठ पुन्हा भिंतीतच जाते. मग पांढरी माती चाळून, गव्हाचा भुसा घालून, आठ दिवस भिजत ठेवून केलेला गारा. तो कुजल्याचा वास घरभर होता आणि आईने त्याबद्दल जे बोलायचे ते बोलून घेतले. खचलेला भाग खरवडून, कडा खडबडीत ठेवून, पाण्याचा शिपका मारून, बोटभर जाडीच्या थरांनी तो भरला. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही.

आडोसा तर हवाच होता आणि पाणी सोसणारी भिंतही. म्हणून मातीच्या भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडून आत अर्ध्या विटेची निराळी भिंत उभी केली. तिला खाली-वर वाऱ्याला झरोके ठेवले. टाइल्स त्या भिंतीवर, सिमेंटही तिच्यावरच. न्हाणी प्रत्येक बाजूने अर्धा फूट लहान झाली. मातीच्या भिंतीला पाणी दिसतच नाही, असे नाना म्हणाले.

जमिनीने मला जास्त शिकवले. गुळगुळीत टाइल्सखाली ती १९६८ ची शहाबादी फरशी जशीच्या तशी सापडली. १९७४ साली तिच्यावरूनच काम केले होते. ती काढून खाली हातभर खोदले, दगड ठासले, त्यावर विटांचे तुकडे, चुना आणि विटेची भुकटी यांचा कोबा. ढाळ पाच फुटांना एक इंच. पहिल्या वेळी मी तो डोळ्यांनी धरला आणि पाणी जाळीकडे न जाता थेट दाराच्या कोपऱ्यात जमले; सगळे उखडून ओळंब्या-दोरीने पुन्हा केले. कोब्यावर पाणी अडवणारा लेप दिला, तो विटांच्या भिंतीवर फूटभर वर चढवला, मग मोरी बंद करून जमिनीवर पाणी भरले आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. दोन दिवसांनी पाणी रेघेपासून केसभर उतरले होते. ते वाऱ्याने, असे नाना म्हणाले आणि मी मान्य केले.

वर फरशी कोणती, यावर घरात वाद झाला. शेवटी तीच जुनी शहाबादी घासून, उलटी करून, खडबडीत बाजू वर ठेवून बसवली. तीवर पाय घसरत नाही. आईने ती ओळखली. दाराला तिने आतून दोन कड्या लावायला सांगितल्या, एक वर आणि एक खाली, हात पोचेल अशी.

स्वयंपाकघराच्या बाजूने भिंतीच्या तळाशी वीतभर पट्टा अजून गडद दिसतो. नानांच्या मते आणखी एक उन्हाळा लागेल. तोवर तिथे चुना लावायचा नाही आणि कपाटही ठेवायचे नाही, असे ठरले आहे.